कथाचित्रातील कल्पित स्थळाची मांडणी

मुलांना गोष्ट सांगताना चित्राचे साहाय्य घ्यावे, हे तत्त्व आता सर्वमान्य झालेले आहे. पाठ्यपुस्तकांत चित्रे असतात, वर्गात तक्ते टांगलेले असतात, आणि पुष्कळ शाळांच्या बाहेरील भिंतीही रंगविलेल्या आढळतात. तथापि ह्या चित्रांत गोष्टीतील माणसे व प्राणी ह्यांच्याकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके ती गोष्ट जेथे घडते त्या स्थळाकडे पुरविले जात नाही. वाघ हुबेहूब साधावा म्हणून चित्रकार धडपडतो. वाघामागचे रान मात्र हिरव्या रंगाच्या चार फटकाऱ्यांत उरकले जाते. वस्तुतः चित्रावरून गोष्ट वाचता येणे किंवा न येणे हे बहुतांशी स्थळाच्या मांडणीवर अवलंबून असते. कोणीही प्रत्यक्ष न पाहिलेले स्थळ चित्रात कसे उभे करावे, जुन्या चित्रकारांनी ते कसे केले, आणि खेड्यातील शाळेत त्याचा उपयोग कसा करून घेता येईल, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्राथमिक शाळेतील कोणत्याही मुलाला "एक गाव काढ" असे सांगितले, तर पाटीवर काय उमटेल हे शिक्षकांना अगोदरच ठाऊक असते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट पुढे येणारी नदी, काठी एक झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. हे चित्र शिरपूर तालुक्यात जसे निघते तसेच रत्नागिरीस निघते व नागपुरासही निघते. आता शिरपूरचा प्रदेश प्रत्यक्षात कसा आहे ते पाहावे. सातपुडा गावाच्या उत्तरेस पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. अनेर, अरुणावती ह्या नद्या त्यातून उतरून दक्षिणेकडे तापीस मिळतात, आणि तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. म्हणजे येथला सूर्य समोरच्या डोंगराच्या खाचेतून वर येत नाही. तापी जिकडून वाहत येते तिकडून तो येतो. नारळाचे झाड येथे एखाद्या वाड्याच्या अंगणात दिसेल, पण नदीकाठी दिसावयाची ती बाभूळ, निंब किंवा उंबर. ह्या सर्व गोष्टी मुलाला माहीत असतात. तरीही तो त्या काढीत नाही, कारण चित्रातले गाव व आपले गाव ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत अशी त्याची समजूत शाळेनेच करून दिलेली असते.

ह्यात केवळ चित्रकलेचे नुकसान आहे असे समजू नये. शिरपूरच्या सपाटीवरील घरांत अहिराणी बोलली जाते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पावरी. पहिलीत येणाऱ्या बालकाला पुस्तकातील मराठी ही बऱ्याच अंशी नवी भाषा असते. अक्षरे तर त्याहून नवी. अशा वेळी पानावरचे चित्र हीच त्याची पहिली वाचनीय वस्तू असते. पाड्यावरील घरे एकमेकांस चिकटून नसतात. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात, बांबूच्या कुडाच्या भिंतींचे, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असते. त्या बालकापुढे ओळीने घरे, मध्ये देवळाचे शिखर व पुढे पार असे चित्र ठेवून "हे गाव" असे सांगितले, तर ते गाव त्याला परके वाटते. त्या गावात घडणारी गोष्टही मग परकी होते, आणि जे मूल आपल्या आजीकडून तासभर गोष्ट ऐकू शकते ते शाळेतल्या चित्रापुढे मुके बसते. त्या मौनाला पुष्कळदा मंदबुद्धीचे लक्षण मानले जाते. हा अन्याय आहे.

ह्यावर कोणी असे म्हणेल की, मग मुलांनी आपल्या भोवतालचेच काढावे काय? गोष्टीत तर राक्षसांची बेटे असतात, पाताळ असते, सोन्याचे राजवाडे असतात. ती स्थळे कोठून आणावी? ह्या प्रश्नाचे उत्तर खानदेशच्या सीमेवरच दगडात व रंगात लिहून ठेवलेले आहे.

जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यास ती दिसल्यापासून त्यांची कीर्ती जगभर पसरली, आणि १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्यांचा समावेश झाला. तेथील ९ व १० ह्या क्रमांकांच्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असून १, २, १६ व १७ ह्या लेण्यांतील चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळातील मानतात. सहलीस गेलेली शाळा बहुधा पद्मपाणीचे चित्र पाहून परत फिरते. परंतु अजिंठ्याच्या भिंतींचा फार मोठा भाग व्यक्तिचित्रांनी नव्हे, तर गोष्टींनी व्यापलेला आहे. जातककथा व अवदाने ह्यांच्या त्या लांबच लांब चित्रमालिका आहेत आणि शिक्षकाच्या दृष्टीने खरे शिकण्यासारखे तेथेच आहे.

१७ व्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविलेली आहे. व्यापाऱ्यांचे जहाज फुटते. ते एका बेटाला लागतात. बेटावर सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात. त्या स्त्रिया म्हणजे नरभक्षक राक्षसी असतात. एक दिव्य पांढरा घोडा सिंहलाची सुटका करतो. पुढे तोच सिंहल राजा होऊन सैन्यासह त्या बेटावर उतरतो. हे बेट चित्रकाराने पाहिलेले असणे शक्यच नव्हते. मग त्याने काय केले? त्याने मंडप काढले, झाडे काढली, उठणे-बसणे, खाणे-पिणे काढले. कोणत्याही सुखवस्तू नगराबाहेरील उपवनात जे दिसेल तेच त्या बेटावर आहे. भीती आहे ती ह्याच्या अगदी जवळ, त्याच राक्षसी आपल्या खऱ्या विक्राळ रूपात दिसतात त्या ठिकाणी. स्थळ परिचयाचे आहे म्हणूनच ती भीती अंगावर येते. बेटावरची झाडेही जर वेडीवाकडी व दात विचकणारी काढली असती, तर व्यापारी फसले कसे हेच पाहणाऱ्यास कळले नसते!

नागलोकाचेही तसेच. २ ऱ्या लेण्यात विधुरपंडिताच्या कथेत झोपाळ्यावर बसलेली नागकन्या इरंदती आहे. नागांचे राज्य पृथ्वीखाली, पाण्याखाली असते अशी समजूत. पण चित्रकाराने तेथे मासे, बुडबुडे व शेवाळ ह्यांची गर्दी केलेली नाही. नागराजाचा वाडा मनुष्यराजाच्या वाड्यासारखाच आहे. खांब तेच, आसन तेच. फरक एवढाच की, नागाच्या मस्तकामागे फणा उभारलेली असते. ती एक खूण पाहिली की पाहणारा समजतो, आपण पाताळात आलो. कल्पित स्थळ बनविण्याची ही युक्ती सर्वांत साधी व सर्वांत टिकाऊ आहे असे म्हणावयास हरकत नाही. सगळे ओळखीचे ठेवावयाचे, आणि एकच वस्तू बदलावयाची. मात्र ती बदललेली वस्तू त्या स्थळी सर्वत्र पाळावयाची.

शिरपूरच्या शाळेत हे सहज करता येण्यासारखे आहे. गोष्टीत राजवाडा आला तर तालुक्यातच तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ती पहिली राजधानी. तेथे किल्ल्याचे अवशेष व फारुकींच्या कबरींचे घुमट आजही दिसतात. तट, बुरूज, घुमट व खाली नदी एवढे मुलांनी पाहून ठेवले की, कोणत्याही कथेतील राजधानी त्यांना उभारता येईल. ती थाळनेर असणार नाही. थाळनेरच्या दगडांनी बांधलेली पण कोठेही नसलेली अशी ती नगरी असेल. तापीच्या डोहात जलदेवतेचा वाडा हवा असेल, तर गावातलाच एखादा जुना माडीचा वाडा घ्यावा आणि त्यातली एकच गोष्ट बदलावी. उदाहरणार्थ, तेथे दिव्यांच्या जागी मासे चमकतात. मुले पुढचे स्वतःच ठरवितात, आणि ठरविताना वादही घालतात; तो वाद थांबवू नये.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी सोडविलेला दुसरा प्रश्न ह्याहून कठीण आहे आणि त्याचा लाभही अधिक आहे. गोष्ट काळात घडते. आधी हे, मग ते. चित्र मात्र एकाच वेळी समोर असते. ही अडचण आज आपण चौकटी पाडून सोडवितो: पहिल्या चौकटीत एक प्रसंग, दुसऱ्या चौकटीत दुसरा. अजिंठ्यास चौकटी नाहीत. १० व्या लेण्यात षड्दंत हत्तीची कथा आहे. अरण्यात सहा सुळ्यांचा गजराज राहत असतो. त्याच्या एका हत्तिणीस मत्सर वाटून ती प्राण सोडते व काशीच्या राजाची राणी म्हणून पुन्हा जन्म घेते. पूर्वीचा राग मनात धरून ती सुळे आणावयास व्याधाला पाठविते. व्याध अरण्यात येऊन गजराजास बाण मारतो. गजराज स्वतःच त्याला सुळे देऊन टाकतो. आणि वाड्यात ते सुळे समोर आणलेले पाहताच राणीला शोक अनावर होतो. म्हणजे कथा अरण्यात सुरू होते, वाड्यात येते, पुन्हा अरण्यात जाते व पुन्हा वाड्यात परतते.

चित्रकाराने ह्या चार फेऱ्यांसाठी चार चित्रे काढली नाहीत. त्याने भिंतीवर एक अरण्य केले व एक वाडा केला. अरण्यात जे जे घडले, मग ते आधीचे असो वा नंतरचे, ते अरण्यात. वाड्यात घडले ते वाड्यात. एकच गजराज त्या रानात निरनिराळ्या जागी पुन्हा पुन्हा दिसतो. येथे भिंत काळाप्रमाणे विभागलेली नाही. ती स्थळाप्रमाणे विभागलेली आहे. कथा माहीत असलेल्या माणसाने बोटाने वाट काढीत अरण्यातून वाड्यात, वाड्यातून अरण्यात हिंडावयाचे. अभ्यासकांनी अजिंठ्याच्या कथाचित्रांविषयी हे आवर्जून नोंदविलेले आहे की, तेथे प्रसंगांच्या क्रमापेक्षा प्रसंगांच्या जागेला पुष्कळदा अधिक मान आहे. विचार करता हे अस्वाभाविकही नाही. गावातली म्हातारी माणसे जुन्या गोष्टी सांगतात तेव्हा सन सांगत नाहीत. "त्या विहिरीपाशी", "त्या वडाखाली" असे सांगतात. आठवण जागेला चिकटून राहते.

स्थळे एकमेकांपासून वेगळी कशी दाखविली, हेही पाहण्याजोगे आहे. खडक म्हणजे एकावर एक रचलेल्या पेट्यांसारखे कोनाकोनांचे ठोकळे. त्यांची एक ओळ आली की डोंगराळ प्रदेश सुरू झाला. वाडा म्हणजे बारीक खांब व वर छत. पुढची भिंत काढूनच टाकलेली, म्हणजे आत बसलेले राजाराणी दिसावेत. अनेक ठिकाणी एक दार असते. दारातून कोणीतरी बाहेर पडत असतो, आणि दाराच्या अलीकडे एक प्रसंग व पलीकडे दुसरा. विश्वंतर राजपुत्राच्या कथेत राजवाडा, नगरातली वाट, रान व आश्रम अशी स्थळे एकामागून एक येतात, तेव्हा पाहणारा माणूस त्या कुटुंबाबरोबर जणू चालत जातो. झाडेही नुसती "झाडे" नाहीत. आंबा, केळ, सुपारी, अशोक अशी ती ओळखू येतात.

ज्या शिक्षकांनी लहान मुलांच्या पाट्या लक्षपूर्वक पाहिल्या आहेत, त्यांना येथे काही आठवले असेल. सहा-सात वर्षांचे मूल घर काढते तेव्हा भिंत काढते आणि भिंतीच्या आतली चूल, पाळणा व आईही काढते. बापाला दारापेक्षा मोठा काढते. एकाच कागदावर स्वतःला घरी, वाटेवर व शाळेत असे तीनदा काढते. आपण त्यास "चूक" म्हणतो, "भिंतीतून दिसते काय?" असे विचारतो, आणि मूल पुढच्या वेळी मुकाट्याने दोन डोंगर काढून देते. दूरचे लहान व जवळचे मोठे, सर्व रेषा एका बिंदूकडे धावणाऱ्या, ही पद्धत एका जागी उभ्या राहिलेल्या डोळ्याची आहे. तिचा उपयोग आहे आणि ती वरच्या इयत्तांत शिकवावी. पण गोष्ट सांगणारा माणूस एका जागी उभा नसतो. तो घरात शिरतो, रानात जातो, राजाच्या मनातही डोकावतो. पुढची भिंत काढून टाकणे, महत्त्वाचा माणूस मोठा काढणे, तोच मनुष्य पुन्हा दाखविणे ही तिन्ही साधने अजिंठ्याच्या कसलेल्या चित्रकारांनी वापरलेली आहेत. पाटीवरच्या त्या चित्रात चूक शोधण्यापूर्वी शिक्षकांनी ही गोष्ट स्मरावी.

स्थळाचे महत्त्व येथवर सांगितले. पण ते नेहमीच काढले पाहिजे असे मात्र नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे, त्यांचा एक संच म्हणजे एक पोथी. कथेकरी एकेक चित्र उभे धरून वाद्यांच्या साथीने गाऊन कथा सांगतो. ह्या परंपरेतील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या चित्रांत स्थळ जवळजवळ नसतेच. कोरा कागद, त्यावर ठसठशीत डोळ्यांची माणसे समोरासमोर, क्वचित एखादे झाड, रथ किंवा आसन. येथे उणीव काहीच नाही, कारण रान, नदी, लंका हे सारे कथेकऱ्याच्या वाणीत असते. ज्या चित्राशेजारी बोलणारा माणूस उभा राहणार आहे त्यात स्थळ थोडे असले तरी चालते. जे चित्र भिंतीवर एकटे राहणार आहे, किंवा पुस्तकात मुलाच्या हाती एकटे जाणार आहे, त्यास आपले स्थळ स्वतःच सांगावे लागते. शिक्षकांनी फळ्यावर झरझर काढलेल्या चित्रास चित्रकथीचा न्याय लावावा व तक्त्यास अजिंठ्याचा.

नाटक व चित्रपट ह्यांतही हाच प्रश्न आला होता. जुन्या नाटकमंडळ्यांजवळ रंगविलेले पडदे असत: एक जंगलाचा, एक राजवाड्याचा, एक रस्त्याचा. नाटक कोणतेही असो, जंगल आले की जंगलाचा पडदा सुटे. आपल्या दोन डोंगरांच्या चित्राचा हा मोठा भाऊच होय. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर ह्या बंधूंनी पडदे रंगविण्यात मोठे नाव मिळविले. आणि त्याच बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून 'सैरंध्री' (१९२०) पासून आपल्या चित्रपटांत सपाट पडद्याऐवजी लांबी-रुंदी-खोली असलेली, माणसे राहतात असे वाटणारी स्थळे उभारली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल पुढे १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात कंपनीचे आधारस्तंभ झाले. ह्या दोघांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) ह्या चित्रपटास १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला. त्यात शेवटी वैकुंठाचे विमान उतरते. ते विमान प्रेक्षकांनी श्रद्धेने स्वीकारले ह्याचे कारण निव्वळ भक्ती नव्हे. त्याआधी त्यांनी देहूतले साधे घर, अंगण, संसारातली ओढाताण ही इतक्या खरेपणाने पाहिलेली असतात की, त्याच अंगणाच्या आकाशातून काही उतरले तर तेही खरे वाटते. नागकन्येच्या वाड्याची युक्तीच ही. फक्त दीड हजार वर्षांनंतर, कॅमेऱ्यापुढे.

आता वर्गात काय करता येईल ते एका परिचित गोष्टीवरून पाहू. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट न ऐकलेले मराठी मूल विरळा. तिचा आराखडा षड्दंताच्या कथेसारखाच आहे: म्हातारीचे घर, रान, लेकीचे घर, पुन्हा रान, पुन्हा म्हातारीचे घर. प्रसंग पाच, पण स्थळे तीनच.

आरंभी कागद-रंग काढूच नयेत. शाळेच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीने ह्या मुलखाचा नकाशा आखावा. म्हातारीचे घर कोठे, लेकीचे कोठे, मधली वाट कोणत्या बाजूने जाते, नदी आडवी येते की वाटेबरोबर चालते, उतार कोणीकडे आहे, हे मुलांनी ठरवावे. मग एका मुलीने म्हातारी होऊन त्या वाटेने चालावे. चालताना प्रश्न आपोआप निघतात. नदी आडवी असेल तर ती ओलांडली कशी? भोपळा गडगडत येतो तर उतार घराकडेच हवा. मग जाताना म्हातारीला चढ लागला असला पाहिजे, म्हणजे लेकीचे घर सातपुड्याकडे वरच्या पाड्यावर आणि म्हातारी खालची, तापीकडची. एवढे ठरले की गोष्टीला भूगोल मिळाला. जाताना काठी टेकीत, थकत चढणारी म्हातारी व येताना भरधाव उतरणारा भोपळा हा गोष्टीतला सगळा गंमतीचा भाग एका उताराने दाखविला जातो!

त्यानंतर प्राणी. वाघ, अस्वल, कोल्हा हे ओळीने उभे करण्याऐवजी ते जेथे असावयाचे तेथे ठेवावेत. वाघ ओढ्याच्या पाण्याजवळ, कोल्हा शेताच्या बांधाशी, अस्वल मोहाच्या झाडाखाली. मोहाची फुले अस्वल आवडीने खाते हे पाड्यावरची मुले शिक्षकांस सांगतील. रानही "रान" म्हणून हिरवे फासू नये. सातपुड्यात साग, अंजन, सालई, खैर, पळस, टेंभुरणी, बांबू आहेत. प्रत्येक मुलाने एक झाड घ्यावे, ते प्रत्यक्ष पाहून यावे आणि चित्रात तेच काढावे. ज्या मुलांना एरवी वर्गात मागचे बाक मिळते, ती ह्या कामी पुढे येतात असा अनुभव पुष्कळांस येईल.

लेकीच्या घराविषयी एक सूचना आवश्यक आहे. म्हातारी मावेल एवढा भोपळा घराच्या आत ठेवला, तर तो दारातून बाहेर कसा आला असे पहिलीतले मूल हमखास विचारते. तो लाल भोपळा आहे, ज्यास कोठे डांगर तर कोठे गंगाफळ म्हणतात. त्याचा वेल खेड्यात घराच्या छपरावर चढविलेला असतो. तेव्हा वेल लेकीच्या छपरावर आरंभापासूनच काढावा, त्यावर लहान-मोठी फळे असावीत, आणि त्यातले एक फळ अंगणात येऊन पडलेले असावे. पुढे काय होणार ह्याची खूण अशी स्थळातच पेरून ठेवता येते. ती हेरणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

ऋतूचा निर्णय मात्र सोपा नाही. गोष्ट फाल्गुनात घडली असे धरले तर पळस निष्पर्ण व लालभडक, ओढा आटलेला आणि रान उघडे. वाघ दुरून दिसतो. श्रावणात धरली तर सारे गर्द, आणि प्राणी एकाएकी पुढ्यात येतात. म्हातारी लेकीकडे किती दिवस राहिली हे गोष्ट सांगत नाही. ती फाल्गुनात गेली व पावसाळा संपता संपता परतली असे मानले, तर एकच रान भिंतीवर काढता येणार नाही. कोरडे व हिरवे अशी दोन राने काढावी लागतील आणि अजिंठ्याची एक-स्थळाची पद्धत सोडावी लागेल. दोन्ही मार्ग योग्य आहेत. परंतु निवड मुलांसमोर व्हावी आणि एकदा केलेली निवड शेवटपर्यंत पाळावी. पळस फुललेला आणि ओढा दुथडी भरलेला असे एकाच रानात दिसले, की चित्राचा खरेपणा गेला. मग वाघ कितीही चांगला साधलेला असो.

साहित्याची अडचण पुष्कळदा पुढे केली जाते. अजिंठ्याच्या भिंतींवर माती, तूस व तंतू ह्यांचा गिलावा करून त्यावर चुन्याचा पातळ हात दिलेला आहे. रंग म्हणजे तांबडा गेरू, पिवळी माती, एक हिरवी माती, पांढरा व काजळ; निळा तेवढा आजच्या अफगाणिस्तानाकडून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. ह्यांतील निळा व हिरवा सोडल्यास बाकीचे रंग शिरपूरच्या आठवडे बाजारात व घरच्या चुलीपाशी मिळतात. निळ्यासाठी कपड्यांची नीळ चालेल. हिरवा पिवळ्या मातीत नीळ मिसळून बराचसा साधतो. धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात रंग कालवावा म्हणजे तो हाताला लागत नाही. कुंचला नसेल तर बांबूची किंवा शिंदीची काडी टोकाशी ठेचून घ्यावी.

बाहेरच्या भिंती रंगविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या रंगाऱ्यास दिले जाते आणि तो प्रत्येक गावी त्याच पुस्तकातले तेच चित्र उतरवितो. त्याचे हात सफाईचे असतात व काम लवकर होते, हे खरे. तरी निदान एक भिंत मुलांसाठी राखून ठेवावी. गुडघ्यापासून मुलाच्या हाताच्या उंचीपर्यंतचा पट्टाच त्यासाठी निवडावा, कारण हे चित्र दुरून पाहावयाचे नसून बोटाने वाट काढीत वाचावयाचे आहे. एका टोकाला म्हातारीचे घर, दुसऱ्या टोकाला वेल चढलेले लेकीचे छप्पर, मधे तालुक्याचे रान. ऊन-पावसाने हे रंग वर्षा-दोन वर्षांत फिके पडतात. तेव्हा चुन्याचा हात देऊन ती भिंत पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी; त्यांची गोष्ट निराळी असेल आणि त्यांचा नकाशाही त्यांनाच आखू द्यावा.